कार्यालयातील संगणकातून पावत्या नाहीशा होण्याबाबत

खजिनदार, अ-१०२: सर्व सभासदांना नमस्कार. काल रविवारी दोन तास बसून मी देखभाल शुल्काच्या ३८ पावत्या कार्यालयातील संगणकावर चढवल्या, बेरीज रोखवहीशी ताडून पाहिली आणि नेहमीप्रमाणे संगणक बंद केला. आज उघडून पाहतो, तर शेवटची पावती ११ तारखेची आहे. कार्यालयाची किल्ली तिघांकडे असते. कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही. परंतु कोणाकडून चुकून काही पुसले गेले असल्यास कृपया कळवावे. पावत्या पुन्हा चढवायला घेतल्या आहेत, आतापर्यंत वीस झाल्या.

सचिव, ब-४०१: माझ्याकडील किल्ली शनिवारपासून घरातच आहे. मात्र वार्षिक सभेची सूचना गेल्या आठवड्यात मी दोनदा टंकित केली आणि दोन्ही वेळा ती नाहीशी झाली. आपणच जतन करायला विसरलो असू, असे समजून मी गप्प राहिलो होतो.

क-५०२: खजिनदार काका, संगणक बंद करू नका. चढवलेल्या वीस पावत्यांचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का, ते पाहा. त्यानंतर डेस्कटॉपवरील गणपतीच्या वर्गणीच्या जुन्या फाइलचीही प्रत घेऊन मूळ फाइल पुसा, रिसायकल बिन रिकामी करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि काय दिसते ते सांगा.

खजिनदार, अ-१०२: वीस पावत्या पुन्हा गेल्या, पण पेनड्राइव्हवर सुखरूप आहेत. आश्चर्य म्हणजे पुसलेली वर्गणीची फाइल जागच्या जागी परत आली आहे!

क-५०२: म्हणजे किल्लीचा प्रश्न मिटला. माणूस फाइल पुसू शकतो. पुसलेली फाइल परत आणून ठेवत नाही.

सचिव, ब-४०१: मग हा व्हायरस समजावा का?

क-५०२: मलाही आधी विंडोजचीच शंका होती. तात्पुरत्या प्रोफाइलने, म्हणजे विंडोजने तेवढ्यापुरत्या उघडलेल्या खात्याने, लॉगिन झाले तर डेस्कटॉपवरचे काम जाते, पण आपल्या पावत्या डी ड्राइव्हवर आहेत. शाळांच्या संगणक कक्षांत डीप फ्रीझसारखे सॉफ्टवेअर संगणक पुन्हा सुरू होताच सर्व बदल मुद्दाम पुसते, पण ते येथे बसवलेले नाही. म्हणून संध्याकाळी पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू करून डी ड्राइव्हवर एक फाइल लिहिली, संगणक पूर्ण बंद केला आणि पुन्हा लिनक्सवरूनच पाहिले, तर फाइल नव्हती. विंडोज सुरू नसतानाही हेच घडते, केबल आणि पोर्ट बदलूनही घडते, त्यामुळे दोष एसएसडीतच, म्हणजे फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हमध्येच आहे. तिच्यातील कंट्रोलर, म्हणजे तिचे काम चालवणारा भाग, लिहिण्याचा आदेश स्वीकारतो, काम झाले असेही कळवतो, पण साठवणुकीच्या चिपवर काहीच उतरवत नाही. नवी फाइल उघडते ती तात्पुरत्या मेमरीतून, आणि वीज गेली की ती मेमरी कोरी होते. ड्राइव्हच्या लेखी ११ तारीख अजून मावळलेलीच नाही. ड्राइव्ह तपासणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम मात्र तिची प्रकृती ‘चांगली’ दाखवतो, त्यावर विसंबू नये.

खजिनदार, अ-१०२: मग फॉरमॅट करून चालेल का?

क-५०२: फॉरमॅटसुद्धा लिहिण्याचेच काम आहे, काका, पुन्हा सुरू केल्यावर सगळे जसेच्या तसे दिसेल. समाधान एवढेच की वाचन अजून व्यवस्थित चालते, म्हणून नवी ड्राइव्ह आणून तिच्यावर हिची हुबेहूब प्रत उतरवता येईल, आणि ती आजच घ्यावी, कारण कंट्रोलर उद्या ओळख दाखवेलच असे नाही. ११ तारखेनंतरचे काम मात्र रोखवहीवरूनच पुन्हा करावे लागेल.

ड-२०३: जुनी ड्राइव्ह वॉरंटीत असेल तर बदलून मिळेल ना? उगाच खर्च कशाला?

क-५०२: वहिनी, तिच्यावर सर्व सभासदांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती आणि नामनिर्देशनाचे अर्ज आहेत. जी पुसताच येत नाही, ती वस्तू बाहेर कोणाच्या हाती द्यावी, असे मला वाटत नाही. भंगारातही देऊ नये. आतील चिप फोडूनच तिची विल्हेवाट लावावी.

सचिव, ब-४०१: मान्य आहे. नवीन ड्राइव्हच्या खर्चास किरकोळ दुरुस्तीतून मंजुरी देत आहे. प्रत पडताळून होईपर्यंत जुनी ड्राइव्ह लिफाफ्यात सीलबंद करून कपाटात राहील आणि नंतर समितीच्या दोन सदस्यांसमक्ष फोडली जाईल. खजिनदार साहेब, पावत्यांना मी उद्या सकाळी मदतीला येतो.