वादळात पडलेला हिरवा पाला उचलून नेऊ नका

डोंगरवाट:
मृगाच्या पहिल्या वादळाने नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सागाच्या फांद्या मोडून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले तर ट्रॉलीत पाला भरणं सुरू. वाट मोकळी करायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणसं आत झाडांमध्ये शिरून दाताळ्याने ओढून ओढून हिरवी पानं काढत होते. हे थांबायला हवं.

उन्हाळ्याच्या तोंडावर गळणारं पान वेगळं आणि वादळाने तोडलेलं वेगळं. झाड स्वतःहून पान टाकतं तेव्हा त्यातला निम्म्याच्या आसपास नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) आधी फांद्यांत ओढून घेतं. मग खाली येतो तो खडखडीत पाला. वादळ झाडाला ती सवड देत नाही. पडलेलं एक कोवळं सागपान मी तळहातावर चोळलं, हात लालभडक झाला. इतकं रसरशीत पान कचरा डेपोत जाणार आणि ही टेकडी, जिच्यावर मुरमाच्या वर वीतभरही माती नाही, उपाशी राहणार!

१९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळ प्वेर्तो रिकोच्या लुकियो जंगलावरून गेलं. तिथे वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाला एका दिवसात जमिनीवर आला. तो कुणी झाडून नेला नाही, जंगल तरीही उभं राहिलं.

जाळरेषा:
ताई, तुमची तळमळ समजते, पण हे मला पटत नाही. प्वेर्तो रिकोच्या त्या जंगलात बारा महिने पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, मग आठ महिने कोरडे. बारा उन्हाळे मी वणवा विझवायला गेलो आहे. नुसतं सागाचं पान भुर्रकन जळते आणि विझते. फांद्यांचा ढीग असला की रात्रभर धुमसते, झाडाच्या बुंध्याला लागते, पहाटे वारा सुटला की पुन्हा पेटते. पाला जळला की तुमचा नत्र धुरासोबत गेला. मग राखून फायदा काय? शहराला चिकटून असलेल्या टेकडीवर सरपण रचून ठेवू नका.

डोंगरवाट:
भाऊ, फांद्यांबद्दल तुमचं ऐकते, मनगटाहून जाड असेल ते न्या. पण पानाचं काय? आत्ता पडलेल्या हिरव्या पानापुढे अख्खा पावसाळा आहे. मार्चमध्ये जळतं ते मार्चमध्येच गळलेलं पान, जूनमधलं नव्हे.

मातीवाला:
दोघांच्याही बोलण्यात एकेक गोष्ट राहून गेली. ह्यूगोनंतर लुकियोत काही तुकड्यांवरचा सगळा पालापाचोळा आणि लाकूड मुद्दाम उचललं होतं. तिथे झाडांचा माथा, म्हणजे वरचं पानांचं छत, लवकर भरला! कारण लाकडात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र नावापुरता. ते कुजवताना बुरशी मातीतलाच नत्र ओढून धरते, मुळांना काही काळ कमी मिळतो. कुजणं म्हणजे लगेच खत, असा हिशेब नाही.

दुसरं, पुढे त्याच जंगलात माथा छाटून एक प्रयोग झाला. काही ठिकाणी छाटलेला पाला खाली पसरला, काही ठिकाणी काढून टाकला. कुजणं मंदावलं ते मुख्यतः ऊन आत शिरल्यामुळे. ओल्या पाल्यात पांढरे धागे दिसतात ना, पानाला पान शिवणारे, ती बुरशी वरचा थर वाळल्यावर मरते. म्हणून आधी माथा किती मोकळा झाला ते बघा.

फुटाळाकाठ:
उतारावरचं पाणी खाली फुटाळा तलावाकडे येतं हेही धरा. हिरवं पान भिजलं की पहिल्या काही सरींतच त्यातलं पालाश (पोटॅशियम) धुऊन निघतं, नत्रही जातो. तलावात जलपर्णी वाढली की त्रास आम्हाला.

डोंगरवाट:
पण नुसत्या उघड्या उतारावरून पाण्यासोबत मातीच वाहून जाते, ती सगळ्यात आधी तलावात येते. थेंबाचा मार पालाच अडवतो. पाला खरवडून तलाव वाचणार नाही, दादा.

मातीवाला म्हणतात ते मान्य, लाकूड न्यावं. पण पान मी सोडणार नाही. लुकियोत नत्र धरून ठेवणारं लाकूड होतं, पानाचं गणित निराळं.

जाळरेषा:
मी पण माझं म्हणणं सोडणार नाही. पान राहू द्यायचं तर आग अडवायला वाटेच्या दोन्ही अंगाला पट्टा साफ हवा, आणि तो फेब्रुवारीत पुन्हा झाडावा लागेल. तेव्हा कोण येते ते सांगा. आत्ता हळहळणारे खूप भेटतात.

डोंगरवाट:
मी येईन. आमच्या सकाळच्या मंडळातले सहा जण येतील.

मातीवाला:
मग हेही करा. हिरवं पान आणि मार्चचं गळलेलं पान जाळीच्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, काही पिशव्या सावलीत ठेवा, काही माथा मोडलेल्या जागी. दर महिन्याला दोन-दोन काढून वाळवून वजन करा, म्हणजे किती कुजलं ते कळेल. हिरव्या पानाचं सुरुवातीचं वजन ओलं धरू नका, थोडं पान वाळवून त्यात पाणी किती ते आधी काढा.

जाळरेषा:
जाळी बारीक घेऊ नका. आपल्याकडे अर्धा पाला उधई (वाळवी) खाते. ती आत शिरली पाहिजे, नाहीतर आकडा खोटा निघेल.