मदत हवी आहे: टॅबलेट चार्जिंग दाखवतो, पण टक्के वाढत नाहीत

नमस्कार मंडळी. टॅबलेट चार्जरला लावला की विजेची खूण येते, पण तासाभरानेही आकडा जागचा हलत नाही. स्क्रीन चालू ठेवली तर उलट कमीच होतो. बंद करून लावला की हळूहळू का होईना, चढतो. आईचे व्हिडिओ कॉल याच्यावरच चालतात, म्हणून काळजी वाटतेय.

केबल आणि अडॅप्टर दोन्ही बदलून पाहिले. त्याच जोडीवर फोन झटपट चार्ज होतो. टॉर्च मारून पोर्टमध्ये पाहिलं, तर तळाशी दाबून बसलेला कापसासारखा मळ होता. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद काढला. आता पिन पूर्ण आत बसते, पण चार्जिंगमध्ये काडीचा फरक नाही. सेफ मोडमध्येही (यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप बंद राहतात) तेच, त्यामुळे एखादं अ‍ॅप बॅटरी खात असेल असं वाटत नाही. पाठ फुगलेली नाही, गरमही होत नाही.

एक गोष्ट विचित्र आहे. दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलवर खूणसुद्धा येत नाही, पिन उलटी करून लावली तरी. जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर मात्र येते. माझा संशय पोर्टमधल्या सीसी पिनांवर (आतल्या बारीक धातूच्या पट्ट्यांपैकी दोन) आहे, कारण अशा केबलवर किती वीज द्यायची याची चार्जर आणि टॅबची बोलणी त्यांच्यावरूनच होतात.

कुणी असं दुरुस्त केलंय का? नुसता चार्जिंग पोर्ट बदलून भागेल, की बॅटरीही तपासावी? यूएसबी मीटर (चार्जर आणि टॅबच्या मध्ये लावून व्होल्ट-अँपिअर दाखवणारं छोटं यंत्र) लावला तर नेमकं काय बघायचं?