पबमधली चोरी फसवायची कशी? (एकांकिकेसाठी मदत हवी)

विंगेतला:
नमस्कार मंडळी. आमची एकांकिका अडलीय. तीन चोर, पुण्यातला पब, ३१ डिसेंबरची रात्र. दीड वाजता पब बंद होताना केबिनमधली रोकड उचलायची. तिघंही नखशिखांत काळ्या कपड्यांत, कानात ब्लूटूथ. चोरी फसायला हवी, पण 'पोलीस येतात' हा शेवट दिग्दर्शकाला नकोय. मी स्वतः पबात दोनदाच गेलोय, त्यात एकदा लिंबूसरबत पिऊन परत आलो. जाणकारांनी हात द्यावा.

धूरवाला:
सात वर्षं लाइट ऑपरेटर होतो, आधी कोरेगाव पार्कात, मग गोव्यात बागा बीचवर. तुमची चोरी फसवायला काही करावंच लागणार नाही राव.

ब्लूटूथ विसरा. बेस सुरू झाला की शेजारच्याकडे पाणी मागितलं तर तो टिश्यू देतो. आम्ही सगळे हातवाऱ्यांवर जगायचो.

काळे कपडे ही त्याहून मोठी चूक. यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे अतिनील) दिवे लागले की काळ्या टी-शर्टवर टॉवेलचा एकूण एक तंतू चांदण्यासारखा दिसतो. बुटांच्या पांढऱ्या नाड्या तर ट्यूबलाइटच, कारण डिटर्जंटमधली चमक आणणारी रसायनं यूव्हीत उजळतात. आणि संशय नको म्हणून चोराने हातात नुसतं टॉनिक वॉटर धरलं, तर त्यातल्या क्विनाइन या कडू द्रव्यामुळे यूव्हीत ग्लास निळा पेटतो. म्हणजे गडी कंदील घेऊन चोरीला निघाला! आमच्याकडे एक नवा पोरगा स्टाफच्या जिन्यात लपून टॉनिक ढोसायचा. अंधारात फक्त निळा ग्लास वर-खाली होताना दिसायचा.

गल्लेवाली:
रोकड कुठली हो? दोन वर्षं पबात क्लोजिंग, म्हणजे बंद करतानाचा हिशोब केलाय. सगळं यूपीआय नि कार्ड. पार्टीची तिकिटं तर आधीच ऑनलाइन गेलेली. गल्ल्यात उरतात सुट्टे आणि कुणीतरी अंधारात खपवलेली फाटकी पाचशेची नोट.

शिवाय दीड वाजता कसले बंद होताय? ३१ डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत परवानगी मिळते. साडेतीन तास तिघं काय हवा खाणार? पितील, स्टार्टर मागवतील. त्यांचंच बिल गल्ल्यापेक्षा जास्त होईल, आणि ते भरायचं स्वतःच्या नावाच्या यूपीआयने!

विंगेतला:
ताई, शेवट मिळाला!! बिल कोण भरणार यावरून तिघांत मारामारी. चोरी बाजूलाच.

धूरवाले, यूव्ही रंगमंचावर जमेल का? बजेट म्हणजे वर्गणी.

धूरवाला:
जमेल. दोन यूव्ही ट्यूब भाड्याने आणा, बाकी स्टेज पूर्ण काळोखात. नाड्या डिटर्जंटातच धुवा, नुसती नीळ दिली तर चमकणार नाहीत. आणि खरं टॉनिक आणा हो, सोडा नको. मागे एका ग्रुपने पैसे वाचवायला सोडा ओतला आणि प्रयोगात चोर दिसलाच नाही.

गल्लेवाली:
म्हणजे त्यांची चोरी यशस्वी झाली की!