मदत हवी आहे: संधिवाताच्या इंजेक्शनआधी मुलीची टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह

नमस्कार. मुलगी आठ वर्षांची, वजन २२ किलो. साडेपाच वर्षांची असताना डावा गुडघा सुजला आणि जेआयए निघाला. लहान मुलांना संधिवात होतो हे आम्हाला तेव्हाच कळलं. दर रविवारी मेथोट्रेक्सेट. त्या पिवळ्या गोळीचा तिने इतका धसका घेतलाय की शनिवारपासूनच मळमळतं, रविवारी ताटात वरणसुद्धा नको असतं.

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्यात युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, सापडली. डोळा ना लाल ना दुखत होता, मशीनवर तपासला म्हणून कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी अडालिमुमॅब सांगितलं, पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. त्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. मांटू, म्हणजे कातडीत सुई टोचून करतात ती टेस्ट, केली, नर्सने हातावर बॉलपेनने गोल काढला. तो पुसू नये म्हणून पोरीने दोन दिवस हाताला पिशवी बांधून अंघोळ केली. तिसऱ्या दिवशी गाठ ११ मिमी. रक्ताची टीबी गोल्डही पॉझिटिव्ह. एक्सरे स्वच्छ, ताप-खोकला नाही. म्हणजे सुप्त टीबी, जंतू शरीरात आहेत पण आजार नाही. सहा महिने आयसोनियाझिड ही टीबीची गोळी, आणि निदान महिनाभर गोळ्या पोटात गेल्याशिवाय इंजेक्शन नाही. तोवर डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब.

ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, बीसीजी घेतलेल्या पोराची मांटू येतेच, उगाच लिव्हरवर भार कशाला.

आता खरी गोष्ट. २०२० मध्ये माझ्या वडिलांना फुप्फुसाचा टीबी झाला होता. ही तेव्हा तीन वर्षांची, रात्री त्यांच्याच कुशीत. आशाताईंनी हिच्यासाठी सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करून दिल्या. आम्ही महिनाभरात बंद केल्या. हसतीखेळती पोर, औषध कशाला, असं आई म्हणाली आणि मलाही पटलं. पुण्यात फॉर्मवर 'घरात कोणाला टीबी?' यापुढे मी 'नाही' लिहिलं. लाज वाटली. आता सांगू का? त्याने काही फरक पडतो का? आणि कमी धोक्याचं दुसरं इंजेक्शन नसतं का?

ओवीची_आई: दादा, आजच फोन करा. आमचा मुलगा दोन वर्षं याच इंजेक्शनवर आहे. मांटू बीसीजीमुळे येऊ शकते, पण टीबी गोल्ड बीसीजीने पॉझिटिव्ह येत नाही. शिवाय अशी औषधं घेणाऱ्यांची मांटू ५ मिमीलाच पॉझिटिव्ह धरतात, तुमची तर ११ आहे. एटानर्सेप्ट या दुसऱ्या इंजेक्शनमध्ये टीबीचा धोका कमी असतो, पण ते युव्हायटिसला फारसं चालत नाही, म्हणून आम्हालाही अडालिमुमॅबच दिलं.

बालरोग_कोल्हापूर: उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील, मी फक्त कारण सांगतो. टीबीचे जंतू शरीर गाठीत कोंडून ठेवतं. ती भिंत टिकवायला टीएनएफ नावाचं शरीरातलंच प्रथिन लागतं, आणि हे इंजेक्शन तेच अडवतं. भिंत ढासळली की जंतू बाहेर. मग टीबी छातीतच होईल असं नाही, मानेच्या गाठी, पोट, मेंदू कुठेही. म्हणून खोकल्याची वाट बघू नका. दोन आठवडे ताप, वजन न वाढणं, मरगळ, एवढ्यावरही दाखवा.

वडिलांची माहिती का हवी? त्यांचे जंतू आयसोनियाझिडला दाद न देणारे असतील तर हिला याच गोळ्या देऊन उपयोग नाही. जुने रिपोर्ट शोधा. त्यांना आता खोकला असेल तर त्यांचीही बेडका तपासणी. आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे, त्याचाही लिव्हरवर भार असतो, तेव्हा लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका.

धागाकर्ता: आईच्या लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या खाली फाइल सापडली. फोटो पाठवले आणि फोनवर सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं झालं इंजेक्शनच्या आधी सांगितलंत." जंतू औषधाला दाद देणारेच होते. तेव्हाचा महिना धरायचा नाही, पहिल्यापासून सहा महिने, सोबत बी-६ जीवनसत्त्व. दोन आठवड्यांनी लिव्हरची तपासणी. वडिलांना उद्या सिव्हिलला नेतोय, खोकला नाही तरी.

गोळी सकाळी उपाशीपोटी. पहिल्या दिवशी तिने हातावर घेऊन उलटीपालटी करून बघितली. पांढरी आहे म्हणाली, आणि गिळली.