मदत हवी आहे: बुद्धिबळात हत्ती-प्याद्याचा शेवट घड्याळावर कसा पक्का करायचा?

रविवारी परभणीत रॅपिड (जलद) स्पर्धा खेळलो, प्रत्येकाला १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद. समोर नांदेडचा शाळकरी पोरगा, शांत अन् चिवट. शेवटी माझा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती ई१. त्याचा राजा डी७, हत्ती एच२. चाल माझी, घड्याळात २२ सेकंद. घाईत राजा एफ७ ला काढला. त्याच्या हत्तीचे एफ२, जी२, एच२ वरून शहावर शह! तीच स्थिती तीनदा आली, बरोबरी. रात्रभर झोप नाही.

ही ल्युसेना स्थिती (राजा आपल्याच सातव्या ओळीतल्या प्याद्यापुढे, समोरचा राजा दूर तोडलेला; हमखास जिंकायची), आधी हत्ती ई४ ला नेऊन पूल बांधायचा, म्हणजे पुढे तोच हत्ती मध्ये घालून शह अडवायचा, हे घरी पट मांडल्यावर कळलं. पण वेळ कमी असताना हे हाताला यावं म्हणून तुम्ही सराव कसा करता? अन् प्यादं एच पट्टीवर, म्हणजे पटाच्या कडेला असेल तर हीच युक्ती का चालत नाही? कुणीतरी चालींसकट सांगा.