प्रत्येक केंद्रकीय ग्राहीला लिगँड असतोच, असे धरून चालावे का?

मूळ मत : जीवशास्त्राचे प्राध्यापक, बेळगाव

माणसात 48 केंद्रकीय ग्राही, म्हणजे जनुकांचे काम नियंत्रित करणारी प्रथिने, आहेत. संप्रेरकासारखा लिगँड, म्हणजे ग्राहीला चिकटणारा रेणू, त्याच्या खाचेत बसला की ग्राही जनुक चालू किंवा बंद करतो, असे आपण पदवीच्या वर्गात शिकवतो. मात्र 1988 मध्ये इस्ट्रोजेनच्या ग्राहीशी साम्य असलेले ईआरआर-अल्फा आणि ईआरआर-बीटा सापडले, त्यांना इस्ट्रोजेन चिकटत नाही. तरीही ईआरआर-अल्फा पीजीसी-1-अल्फा या सहप्रथिनाच्या जोडीने मायटोकॉन्ड्रियाची जनुके चालवतो. नर्र-1 हा आणखी एक केंद्रकीय ग्राही; तो नसलेल्या उंदरांच्या मध्यमेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी घडत नाहीत, आणि 2003 मध्ये त्याची स्फटिकरचना (प्रथिनाचा स्फटिक बनवून पाहिलेली रचना) उलगडली तेव्हा लिगँडची खाच त्याच्याच अमिनो आम्लांनी भरलेली दिसली. पेशीत प्रथिन किती बनते आणि सोबत कोणते सहप्रथिन आहे, यावरच अशा ग्राहींचे नियमन होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : औषधविक्रेत्या, निपाणी

सर, मला हे पटत नाही; लिगँड शोधत राहायला हवे. पीएक्सआर या केंद्रकीय ग्राहीचा लिगँड कोणी शोधलाच नसता, तर रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाचा एक महत्त्वाचा परिणाम आपल्याला नीट उमगला नसता. क्षयरोगाचे औषध चालू असलेली बाई गर्भनिरोधक गोळ्या मागते, तेव्हा मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवते. कारण रिफॅम्पिसिन पीएक्सआरला जागे करते, तो यकृतात सीवायपी3ए4 हे विकर वाढवतो, गोळीतील संप्रेरके लवकर मोडतात आणि गोळीचा भरवसा राहत नाही. एफएक्सआर हा ग्राहीही लिगँडविनाच ओळखला जात होता. 1999 मध्ये पित्ताम्ले हेच त्याचे लिगँड ठरले.

प्राध्यापक

ताई, पीएक्सआरची खाच प्रशस्त आहे, त्यात नाना प्रकारचे रेणू मावतात. भरलेल्या खाचेला तो दाखला लागू पडत नाही.

उत्तर : संशोधक विद्यार्थी, खानापूर

सर, स्फटिकात प्रथिनाची एकच स्थिती दिसते. पेशीत ते हलत असते. 2020 मध्ये प्रोस्टाग्लँडिन ए1 हा मेदाम्लापासून बनणारा रेणू नर्र-1 ला चिकटलेला स्फटिकरचनेतच दिसला, म्हणजे खाच बंद असल्याचा पुरावा तेवढा पक्का नाही. रेव्ह-अर्ब-अल्फा या ग्राहीचेही तसेच झाले : तो जैविक घड्याळातील बीमॅल-1 जनुक दाबतो हे आधी कळले, हीम (रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही असणारा लोहयुक्त रेणू) त्याचा लिगँड असल्याचे 2007 मध्ये.

प्राध्यापक

चिकटणे वेगळे आणि नियमन करणे वेगळे. मेंदूतील त्या पेशींमध्ये प्रोस्टाग्लँडिन पुरेसे असते आणि ते काढून घेतल्यावर नर्र-1 ची जनुके मंदावतात, हे दाखवा; मग मी मत बदलेन.

विद्यार्थी

ही कसोटी मला मान्य आहे, सर. पण लिगँडचा शोधच थांबवला तर ती कशावर लावणार?