मदत हवी आहे: अण्णांचा प्रोस्टेट कॅन्सर, ल्युटेशियमच्या ट्रायलमध्ये नाव घालावं का?

नमस्कार. आमचे अण्णा, वय 71, मुक्काम मिरज. प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पसरलाय. आधी ऑर्किडेक्टमी (वृषण काढायचं ऑपरेशन) झाली, मग अबिराटेरॉन ही हार्मोनची गोळी. बरेच दिवस पीएसए (प्रोस्टेटच्या आजारावर नजर ठेवायची रक्तचाचणी) आटोक्यात होता, आता चढतोय. शेवटचा रिपोर्ट 38. पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन) दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये कमरेचे मणके आणि उजवा खुबा काळा ठिक्कर दिसतोय. केमो अजून झालेली नाही. खाणंपिणं, फिरणं ठीक, पण दुखण्याची गोळी रोज लागते.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. सरळ डोसीटॅक्सेल केमो, नाहीतर ट्रायल. ट्रायलमध्ये एका गटाला ल्युटेशियम-177 पीएसएमए (त्या पेशींना चिकटणारं किरणोत्सारी औषध), दुसऱ्याला डोसीटॅक्सेल. कोण कुठे जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार. अण्णा म्हणाले, "म्हणजे भिशीसारखी चिठ्ठी काढणार होय?" डॉक्टर म्हणाले, "हो, आणि ती चिठ्ठी आमच्याही हातात नसते." अण्णा तयार आहेत. आईचा ठाम विरोध: "माझ्या माणसावर प्रयोग नकोत."

मी थोडं वाचलं. 'व्हिजन' ट्रायलमध्ये 831 रुग्ण होते. ल्युटेशियम मिळालेल्यांचा जगण्याचा मध्यक 15.3 महिने, न मिळालेल्यांचा 11.3. त्यावरच 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते सगळे केमो होऊन गेलेले होते, म्हणजे तो आकडा अण्णांना लागूच नाही. केमो न झालेल्यांवरची 'पीएसएमएफोर' वाचून आधी हुरूप आला. मग लक्षात आलं की तिथे तुलना दुसऱ्या हार्मोनच्या गोळीशी होती, केमोशी नव्हे. आमच्यापुढचा प्रश्न मात्र नेमका केमो की ल्युटेशियम हाच आहे. त्यावर चंडीगढच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलची एक ट्रायल सापडली, पण ती 40 रुग्णांची.

तर जाणकारांना विचारायचंय: चिठ्ठीत केमो आली तर ल्युटेशियम कायमचं हुकतं का? आणि घरात तीन वर्षांचा नातू, संडास एकच. अण्णा घरी आल्यावर काय करायचं?

प्रतिसाद: कृष्णाकाठ
सासऱ्यांना ल्युटेशियम दिलंय (ट्रायलमध्ये नाही), तेवढ्यापुरतं सांगते. सलाइनमधून देतात, त्यानंतर वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी सोडताना किती दिवस काय पाळायचं ते लिहून देतात, तो कागद फ्रिजवर चिकटवा. बसून लघवी करायची, दोनदा फ्लश, हात नीट धुवायचे, टॉवेल-चादर वेगळी. ल्युटेशियम दर साडेसहा दिवसांनी निम्मं होतं आणि बरंचसं लघवीतूनच पहिल्या दोन दिवसांत जातं, त्यामुळे पाणी भरपूर. नातवाला पहिला आठवडा मामाकडे धाडता आलं तर सगळ्यात सोपं; मांडीवर घ्यायचं नाही हे त्याला पटवणं कठीण.
तोंड कोरडं पडतं. लाळग्रंथीही पीएसएमए औषध ओढून घेतात. सासरे भाकरी दुधात कुस्करून खायचे.

प्रतिसाद: ट्रायलवाला
मी ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय. आईंना सांगा, दुसऱ्या गटाला पाण्याचं इंजेक्शन मिळत नाहीये. डोसीटॅक्सेल म्हणजे आज कुणीही डॉक्टर देईल तेच औषध.
हुकण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तो दरवेळी शेवटी विचारला जातो. 'पीएसएमएफोर'मध्ये गोळीच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना आजार वाढल्यावर ल्युटेशियम देण्यात आलं. तुमच्या ट्रायलमध्ये तशी सोय आहे का, असेल तर खर्च कोणाचा, हे संमतीपत्रात लिहिलेलं असायला हवं. तोंडी "बघू" म्हणाले तर ते "नाही" समजा. संमतीपत्र मराठीत मागा आणि सही न करता घरी आणा. मधेच बाहेर पडायचा हक्क अण्णांना आहे, त्याने पुढचे उपचार अडत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई ट्रायलसाठीच्या 2019 च्या नियमांत आहे. सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक घेऊन साइटवर टाका, कोणाला घेतात-कोणाला नाही ते सगळं तिथे दिसतं.

प्रतिसाद: निखळ
मी असतो तर पैसे भरून थेट ल्युटेशियम घेतलं असतं. चिठ्ठी कशाला?

प्रतिसाद: ट्रायलवाला
@निखळ, त्यात गैर काही नाही. पण केमोपेक्षा ते आधी देणं सरस आहे हे ठरलेलं असतं तर ही ट्रायलच निघाली नसती. 'थेराप' या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये ल्युटेशियम कॅबाझिटॅक्सेल या केमोसमोर ठेवलं होतं. पीएसए निम्म्यावर येण्याचं प्रमाण 66 टक्के विरुद्ध 37, पण एकूण जगणं दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं.
धागाकर्ते, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनीन किती आहे? त्यावरच बऱ्याच जणांचं नाव गळतं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. हिमोग्लोबिन 10.8, क्रिएटिनीन 1.1. प्लेटलेटचा रिपोर्ट आईच्या पिशवीत आहे, संध्याकाळी बघून टाकतो. संमतीपत्र सोमवारी मागतोय; दुसऱ्या गटाला पुढे ल्युटेशियम मिळणार का, हे त्यात नसेल तर लेखी विचारेन.